एकमत होऊ नये म्हणून

काकांनी "जिनिव्हात असताना" असं म्हटलं, की आमच्या चाळीतल्या माणसांना गॅसवर ठेवलेलं दूध आठवायचं. भराभर उठून जायचे सगळे. मला ती सोय नव्हती. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, त्यांच्या खोलीला लागून, मधे लाकडी भिंत, आणि काका एकटे असले तरी बोलत असत. जगाच्या अर्थकारणाचं जे काही शिक्षण मला मिळालं आहे ते पोळ्या लाटताना, त्या भिंतीतून मिळालं आहे.

काका फोर्टमधल्या एका व्यापारी मंडळाच्या कचेरीत होते. परदेशी शिष्टमंडळं आली की बैठकांची टिपणं काढायची, हे त्यांचं काम. एकदा ऐन वेळी साहेबांना कांजिण्या आल्या आणि त्यांच्या जागी काका जिनिव्हाच्या कसल्याशा आंतरराष्ट्रीय परिषदेला गेले. जेमतेम आठवडाभर. पण परत आले ते नुसतं शरीर. निवृत्त झाले, काकू गेल्या, मुलगा पुण्याला गेला, तरी ते अजून त्या परिषदेतच बसलेले होते.

पेपर ते आतल्या पानापासून वाचत. देशांबद्दल ते नातेवाइकांबद्दल बोलावं तसं बोलायचे. "जर्मनीने हात आखडता घेतलाय," असं ते एखाद्याच्या मुलीचं लग्न मोडल्यासारखं हळू आवाजात सांगत. आमच्याकडे विरजण मागायला आले तर दारातच म्हणायचे, "द्विपक्षीय भेट आहे, फार वेळ घेणार नाही." भाजी गल्लीत कांदेवालीशी निर्यातीच्या धोरणावर भरपूर बोलून झालं की शेवटी, "तुमची भूमिका मला समजते, पण माझे हात बांधलेले आहेत," असं म्हणून पावशेर कांदे घ्यायचे. कांदेवाली त्यांना बघितलं की पावशेराचं वजन आधीच तागडीत टाकून ठेवायची.

अशा माणसाकडे कोणी आपण होऊन सत्ता देत नाही. ती त्यांच्याकडे पाण्यावरून आली.

गिरगावातल्या आमच्या वाडीत नळाला पाणी पहाटे साडेपाचला येतं आणि तासाभरात जातं. पूर्वी ते आपोआप तिसऱ्या मजल्यापर्यंत चढायचं. मग पहिल्या मजल्यावरच्या लेले वहिनींनी नळाला मोटर लावली. ते बघून तळमजल्याच्या सावंतांनी तिच्या दुप्पट ताकदीची लावली, कारण त्यांचा मालवणी जेवणाच्या ऑर्डरींचा धंदा आणि माशाला पाणी फार लागतं. मग दुसऱ्या मजल्यावरच्या कांबळ्यांनी लावली. शेवटी आम्हीही लावली, पण खालच्या तिघांनी ओढून घेतल्यावर आमच्या मोटरीला ओढायला हवाच उरायची. गंमत म्हणजे मोटरी नव्हत्या तेव्हा सगळ्यांना पुरत होतं आणि मोटरी आल्यावर कोणालाच पुरेना. सगळ्या मोटरी खाली जिन्याजवळच्या बोळात एका रांगेत होत्या आणि त्यांची बटणं एकाच बोर्डावर. पहाटे चारही घरांची माणसं डोळे चोळत खाली यायची, एकमेकांशी न बोलता बटणं दाबायची आणि वर जायची.

मी खालच्या नळावरून चार कळशा चढवून ऑफिसला पळायची. उरलेलं पाणी आई चढवायची, मी कितीही नको म्हटलं तरी. तिचे गुडघे केव्हाच गेलेले. माझी बहीण नालासोपाऱ्याला राहते, तिच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, पाणी दिवसभर आहे. तिने आईला स्पष्ट सांगितलं होतं, पाणी चढेनासं झालं की गपचूप बॅग भरायची. आईचं सगळं आयुष्य या वाडीत गेलेलं. "तिथे सगळं आहे गं," ती म्हणायची, "पण गॅलरीत उभं राहिलं तर समोर दुसरी बिल्डिंग." आई गेली तर मला ती खोली खायला उठली असती. तेव्हा आमच्या नळाला पाणी येणं न येणं म्हणजे आई घरात असणं नसणं, असा सरळ हिशेब होता.

काकांनी हे ऐकलं आणि त्यांचे डोळे चमकले. "सामायिक संकट," ते म्हणाले. "एकट्याने कोणी मोटर बंद केली तर तो मूर्ख ठरणार. सगळ्यांनी एकदम करायला हवी. परिषद घ्यावी लागेल."

संध्याकाळच्या परिषदेला कोणीच आलं नाही. मालिका, ऑफिस, ऑर्डरी. मग काकांनी ती पहाटे साडेपाचला ठेवली. "त्या वेळी तुम्ही सगळे खाली येताच. सबब नको." जागा म्हणून बोळच, कारण अंगणात स्कुटरी. त्यांनी आपलं इस्त्रीचं टेबल आणून बरोबर बटणांच्या बोर्डापुढे आडवं लावलं. त्यावर पुठ्ठ्याच्या पाट्या: तळमजला, पहिला मजला, दुसरा मजला, तिसरा मजला. प्रत्येक पाटीपुढे स्टीलचा पेला, त्यात पाणी. पाण्याच्या पेल्याशिवाय परिषद होत नाही, असं त्यांचं म्हणणं. पेले आमच्या घरचे, पाणीही आमच्याच पिंपातलं. आई वरून म्हणाली, "आणा, उरलंय तेही खाली नेऊन ओता." स्वतः काका जिनिव्हाचा निळा कोट घालून, बोर्डाला पाठ लावून बसले. बोळभर डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला.

आईच्या गुडघ्यांना तासभर खाली बसणं झेपणारं नव्हतं म्हणून तिसऱ्या मजल्याची प्रतिनिधी मी. तिसरं जग, असं कांबळे हळूच म्हणाले. कांबळे नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेले, एका कारखान्यात युनियनचे सेक्रेटरी होते. सभेच्या कामकाजातलं त्यांना सगळं कळायचं.

सावंतांनी सुरुवातच केली. "काका, पहिली मोटर कोणी लावली ता आधी बोला. लेल्यांनी. आम्ही मागाहून लावली. मग बंद पहिली आम्ही का करायची?"

"तेव्हा माझ्या सासूबाई अंथरुणाला होत्या," लेले वहिनी म्हणाल्या. "आणि आमची मोटर ती केवढी! मिक्सरएवढी. तुमची बघा, पिठाची गिरणी आहे."

"धंदा हाय माझा."

"म्हणजे तुमचा धंदा व्हावा म्हणून आम्ही पारोसं राहायचं."

कांबळ्यांनी हात वर केला. "दुसऱ्या मजल्याने इतिहासात कधी कोणाचं पाणी ओढलेलं नाही. आमच्यावर ही वेळ खालच्या मजल्यांनी आणली. बंद करायला आमची ना नाही, पण आधी त्यांनी करायची आणि आमच्या पायपाचा खर्च भरून द्यायचा."

काका माझ्या कानाशी वाकले. "अगदी हेच," ते म्हणाले. "शब्दन् शब्द हेच. जिनिव्हात फक्त हेडफोन होते." इतका सुखी माणूस मी बघितला नव्हता.

मग मसुदा सुरू झाला. "मोटरी बंद करणे" हे सावंतांना मान्य नव्हतं. "कमी करणे" हे कांबळ्यांना. लेले वहिनींना दोन्ही मान्य होतं, फक्त त्यात त्यांच्या मोटरीचा उल्लेख नको होता. जो शब्द पटायचा नाही त्याला काका कंस घालायचे. थोड्या वेळाने कागदावर कंसांच्या बाहेर फक्त "आणि" उरला. तरी काका खचले नाहीत. त्यांनी एकेक कंस सोडवत आणला आणि शेवटी "टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या दिशेने पावले उचलणे" इथे गाडी आली. सावंत म्हणाले, "हा, हे चालेल, ह्याचा काय अर्थच होत नाय." कांबळ्यांनी मान डोलावली. वहिनी हो म्हणाल्या. काकांनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात वरून आईचा आवाज आला. "अगं ए, आपल्या नळाला पाणी आलंय. चांगलं धो धो आलंय."

सगळ्यांनी वर बघितलं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. साडेपाचपासून कोणी मोटर लावलीच नव्हती. बटणं काकांच्या पाठीमागे होती. तिथपर्यंत पोचायचं तर "काका, जरा सरका" म्हणावं लागणार, आणि मोटरी बंद करण्याच्या चर्चेच्या ऐन मध्यावर सगळ्यांच्या देखत उठून मोटर कोण लावणार? तेवढी लाज गिरगावात अजून शिल्लक आहे.

काकांनी मान वळवून बोर्डाकडे बघितलं. मग कागदाकडे. मग टोपण पुन्हा पेनाला लावलं.

"'पावले' या शब्दाबद्दल अध्यक्षांच्या मनात शंका आहे," ते म्हणाले. "उद्या साडेपाचला बसू."

जिन्यात मी त्यांना गाठलं. "काका, मान्य झालं होतं की सगळ्यांना."

ते दर पायरीला थांबत चढायचे. थांबून म्हणाले, "जिनिव्हात शेवटच्या दिवशी करार झाला. सह्या झाल्या, फोटो झाले, टाळ्या झाल्या. आणि अर्ध्या तासात सभागृहात मी आणि झाडूवाला उरलो. सगळे विमानतळावर. तेव्हा मला वाटलं, काय हे यश. आज कळलं. करार झाला की माणूस घरी जातो, आणि घरी गेला की बटण दाबतो. त्याला घरी जाऊ द्यायचं नाही."

त्या दिवसापासून काकांनी आपली सगळी विद्या एकमत होऊ नये म्हणून खर्च केली. रोज पहाटे परिषद. एखादा मुद्दा सुटायला आला की ते नवा उकरायचे. गळक्या पाइपाचं पाणी कोणाच्या खात्यात? पाहुणा किती दिवसांनी रहिवासी होतो? श्रावणात सावंतांकडे मासे नसतात, तर त्यांचा वाटा कमी का नको? या श्रावणाच्या मुद्द्यावर तर अख्खा श्रावण गेला. मधेच काका "अनौपचारिक चर्चेसाठी तहकूब" म्हणायचे, म्हणजे लेले वहिनी चहा आणायच्या आणि तो सगळ्यांनी तिथेच, बोर्डासमोर प्यायचा. वर आईची पिंपं भरत होती. तिच्या चेहऱ्यावर तुकतुकी आली. काका आणि मी सोडून यातलं इंगित कोणालाच कळलेलं नाही, अशी माझी समजूत होती आणि मला त्याची थोडी ऐटही होती.

सगळं सुरळीत होतं असं नाही. एकदा सावंतांनी परिषद उठल्यावर, पाणी जाता जाता, मोटर लावली. काकांनी त्यांच्यावर निर्बंध जाहीर केले: सावंतांच्या घरून येणारे घावणे कोणीही स्वीकारू नयेत. हे निर्बंध दुपारपर्यंत टिकले. दुपारी मी जिना चढत होते तर लेले वहिनींच्या घरातून नारळाच्या रसाचा वास. त्यांनी ओठ पुसत मला सांगितलं, "मानवतेच्या दृष्टीने घेतले." संध्याकाळी काकांच्या खोलीतही त्यांचं नसलेलं एक ताट दिसलं.

त्याच सुमाराला खऱ्याखुऱ्या मोठ्या देशांची बैठक मुंबईत होती. रस्ते धुतले, झाडांना दिवे लावले, जे दाखवायचं नव्हतं त्यापुढे पडदे बांधले. काका कोट घालून मरीन ड्राइव्हला गेले, मलाही नेलं. गाड्यांचा ताफा यायचा होता. हवालदार म्हणाला, "ओ काका, फुटपाथच्या मागे व्हा."

"होतो," काका म्हणाले. "पण आत कोणी ओळखीचं असेल तर निरोप द्या. घाई करू नका म्हणावं. भांडत राहा, पण बसून राहा."

"सांगतो," हवालदार म्हणाला. गाड्या काळ्या काचा लावून सुसाट गेल्या. काकांनी त्यांना हात केला आणि बराच वेळ तो खाली घेतला नाही.

मग काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते काही दिवस मुलाकडे पुण्याला गेले. जाताना अध्यक्षपद कांबळ्यांकडे दिलं. मला ही चूक तेव्हाच दिसायला हवी होती. कांबळे कामाचा माणूस. त्यांनी पहिल्याच पहाटे बाह्या सरसावल्या, दोन बाजूंना दोन दोन वाक्यं बोलू दिली, "चला, हे तुम्ही सोडा, ते तुम्ही सोडा," केलं आणि अर्ध्या तासात करार. एकमताने. प्रत्येकाने स्वेच्छेने मोटर बंद ठेवावी. टाळ्या झाल्या, पेढे वाटले, फोटो काढला. फोटोत मी सोडून सगळे हसतायत.

दुसऱ्या दिवसापासून परिषदेचं कारणच उरलं नाही. टेबल घडी करून भिंतीला लागलं. एके पहाटे बारीक घरघर ऐकू आली. लेले वहिनी म्हणाल्या, "पाहुणे आलेत गं, पाचच मिनिटं." मग सावंतांची गिरणी सुरू झाली. मग कांबळ्यांचीही, आणि ते माझ्या नजरेला नजर देईनात. आमचा नळ आधी थुंकला, मग खोकला, मग गप्प झाला. आई कळशी घेऊन जिन्यात बसलेली मला सापडली. पडली नव्हती, नुसती बसली होती. "जरा दम घेतेय," ती म्हणाली. संध्याकाळी तिने आपण होऊन पलंगाखालून बॅग काढली. मला नुसतं रडू येत होतं.

काका काळा चष्मा लावून परत आले तेव्हा मी त्यांना दारातच सगळं सांगितलं. त्यांनी करार मागवला, चष्मा वर करून, डोळ्यातून पाणी गळत असताना वाचला. मग खाली जाऊन सगळ्यांना बोलावलं.

"हा करार अवैध आहे," ते म्हणाले. "यात 'चाळ' म्हटलंय. गच्ची चाळीत धरली आहे की नाही, ते कुठे म्हटलंय?"

कोणी हसेल असं मला वाटलं. पण सावंत विचारात पडले. "गच्चीवर माझे पापड वाळतत," ते म्हणाले. "गच्ची धरली तर वांधो होईल." लेले वहिनी म्हणाल्या, "आणि नाही धरली तर आमच्या तुळशी?" कांबळ्यांनी मुकाट्याने टेबल उघडलं आणि बोर्डापुढे लावलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसत होतं. आईची बॅग परत पलंगाखाली गेली.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. दुपारी, पेपर छातीवर, आतलं पान उघडं. फार प्रेमळ वगैरे होते असं मी म्हणणार नाही, पण त्या भिंतीपलीकडची शांतता मला अजून सहन होत नाही. मुलगा आला, दिवसकार्य झालं. तेवढे दिवस चाळीत मोटर कोणी लावली नाही. तेरावं झालं आणि दुसऱ्या पहाटे घरघर सुरू झाली. नळ कोरडा. बहिणीने फोनवर सांगितलं, रविवारी टॅक्सी घेऊन येते. आईने या वेळी बॅग नीट भरली, देवसुद्धा घेतले.

त्याच रविवारी पहाटे साडेपाचला कांबळ्यांनी शोकसभा ठेवली. काकांची वेळ म्हणून. इस्त्रीचं टेबल, पाट्या, पेले. अध्यक्षांच्या जागी कोणी बसलं नाही. कांबळ्यांनी ठराव वाचला: चाळीतील थोर व लोकप्रिय रहिवासी यांच्या निधनाने अपरिमित हानी, वगैरे. चार ओळींचा. "सर्वांना मान्य?" लेले वहिनींनी पदर डोळ्याला लावून मान हलवली. दोन मिनिटं उभं राहून झालं. संपलं.

पाणी आत्ता कुठे सुरू होत होतं. कांबळे पाट्या गोळा करायला लागले. सावंतांची त्या दिवशी पन्नास ताटांची ऑर्डर होती, ते येतानाच बोलले होते. ते मोकळ्या खुर्चीला वळसा घालून बोर्डाकडे गेले. हात वर केला. मी दुसरीकडे बघितलं. मला ते बघायचं नव्हतं.

बटणाचा आवाज आला नाही. सावंत परत येऊन आपल्या खुर्चीत बसले.

"कांबळे, परत वाचा."

कांबळ्यांनी वाचलं.

"'लोकप्रिय' ह्या शब्दाक माझी हरकत आसा," सावंत म्हणाले. त्यांचे डोळे लाल झाले होते. "माका ते कधीच आवडूक नाय."

कांबळ्यांनी कागदावरून मान वर केली. मग लेले वहिनींनी नाक पुसलं आणि पदर नीट करून त्या खाली बसल्या. "मग 'थोर' तरी कशाला?" त्या म्हणाल्या. "आमची साखर नेली की परत कधी आली नाही."

कांबळ्यांनी दोघांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पाट्या परत जागच्या जागी ठेवल्या, पेन काढलं आणि दोन्ही शब्दांना कंस घातले.

वर, आमच्या मोरीत, कोणीतरी नळाखाली बादली सरकवली.

नऊ वाजता बहीण टॅक्सी घेऊन आली. आईने तिला चहा पाजला आणि परत पाठवलं. काकांच्या शोकाचा ठराव अजून मंजूर झालेला नाही.